मितालीचा पहिला मोर्चा

सकाळचे आठ वाजून गेले तरी प्रकाश टाय बांधून सोफ्यावरच बसला होता. यायला उशीर होईल, असं त्याने बँकेत कळवून टाकलं होतं. जपानातल्या सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

टीव्हीवर पॅरिस होतं. राष्ट्राध्यक्ष निवडून आल्याचं इकडे फुनाबोरीत पहाटे कळलं, आणि तिकडे निम्म्या देशाला तो निकाल पचलेला नव्हता. चौकात अश्रुधूर, पेटलेले कचऱ्याचे डबे, वाट फुटेल तिकडे पळणारी माणसं. त्याच चौकात, तिथे कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी मिताली गेली होती आणि तिचा फोन चार तास बंद होता.

कॉलेजच्या मैत्रिणी निघाल्यात, मीही जाऊ का, असं तिने आदल्या दिवशी विचारलं होतं. त्याची बायको कल्पना नको म्हणाली. प्रकाशने तिला वेड्यात काढलं. त्याच्या बँकेवरून अधूनमधून मोर्चे जायचे. चार-चारच्या रांगा, बाजूने पोलीस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची गैरसोय होतेय म्हणून कर्ण्यावरून माफी. मोर्चा म्हणजे हाच, असं धरून त्याने खुशाल जा म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षापासून इथे वाढलेल्या मितालीला तरी दुसरा कुठला ठाऊक असणार?

कल्पना सकाळपासून त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटत होतं.

फोन वाजला तेव्हा तिने झडप घालून तो उचलला आणि स्पीकरवर टाकला. मिताली सुखरूप होती. पोलिसांनी पकडून नेलं, फोन काढून घेतला, कागद तपासले आणि सोडून दिलं.

"पण नेमकं तुलाच कसं पकडलं?" प्रकाशने विचारलं.

"बाकी सगळे पळाले, बाबा. पोलीस थांबा म्हणाले, म्हणून मी थांबले."

प्रकाशने फोन कल्पनाकडे सरकवला.

मिताली मग आईला सांगत बसली. मैत्रिणी दोन तास पोलीस ठाण्याबाहेर उभ्या होत्या आणि ती बाहेर येताच पोट धरून हसल्या. परवा पुन्हा मोर्चा आहे. जायचं मनात आहे, पण आता लाज वाटते. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"दोन तास थांबल्या होत्या तुझ्यासाठी?" कल्पनाने विचारलं.

"हो."

"मग जा त्यांच्याबरोबर. बाबांना विचारू नकोस. आणि त्या पळाल्या की तूही पळ."