नऊ नंबरचा पट्टा

“मनगट पुढे कर. पटकन, सिस्टर वळायच्या आत,” काका म्हणाले.

काकूंनी दाराकडे पाहिलं. सिस्टर टेबलाशी पाठमोरी उभी होती. काकांनी आपल्या मनगटावरचा पट्टा काढून काकूंच्या मनगटावर चढवला आणि वरून स्वेटरची बाही ओढली. छातीला चिकटवायची पट्टी काकू बाथरूममध्ये जाऊन आधीच लावून आल्या होत्या. सिस्टरने एक जास्तीची उशाशी ठेवली होती म्हणून बरं. काकांनी आपली उपटून उशीखाली दडपली.

“हे बरं नाही हो,” काकू कुजबुजल्या. “डॉक्टरांच्या डोळ्यांत धूळ फेकायची म्हणजे काय!”

“पाच वाजेपर्यंतचा तर प्रश्न आहे. आकडे चांगले दिसले की सोडतील घरी. आणि तुला कधी काही होत नाही, तूच सांगतेस ना?”

सांगायच्या खऱ्या. काकूंनी स्वतःसाठी म्हणून डॉक्टरची पायरी कधी चढली नव्हती, आणि ते त्या चारचौघांत मिरवायच्याही. त्यांची आई किरकोळ दुखण्यासाठी दवाखान्यात गेली ती परत आली नाही. तेव्हापासून हा हट्ट. काकांनी एकदा तपासून घे म्हटलं, की स्वयंपाकघरात भांड्यांची आदळआपट ठरलेली.

आजारी पडले ते काकाच. गेले दोन महिने रात्री ते अंथरुणात उठून बसलेले दिसायचे. काकूंना जाग आली की “झोप तू” म्हणायचे. काल म्हणाले, छातीत जड वाटतंय. सकाळी त्यांनीच नवऱ्याला इथे आणलं. घाईत चष्मा घरी राहिला. काउंटरवर काकांनी जिथे जिथे बोट ठेवलं, तिथे तिथे त्यांनी सह्या केल्या. चाळीस वर्षं त्यांच्या घरात हीच रीत होती. कागद वाचायचा काकांनी, सही ठोकायची काकूंनी.

यंत्र नवं होतं. वायर नाही, काही नाही. पट्टी हृदयाचे ठोके मोजायची, पट्टा रक्तातला ऑक्सिजन. पेशंट इमारतीत कुठेही हिंडो, आकडे सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर उमटायचे. नऊ नंबरच्या खाटेचा चौकोन आत्ता हिरवा होता.

“आता जा, वरून चहा घेऊन ये,” काका म्हणाले. “कॅन्टीन तिसऱ्या मजल्यावर आहे. आणि जिन्यानेच जा हं. लिफ्टच्या पोलादी खोक्यात सिग्नल जातो.”

“तीन मजले?”

“पेशंटला चालताना काही त्रास होतो का, तेच तर बघायचंय त्यांना. बसून राहिलीस तर संशय येईल.”

सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस लिफ्टबद्दल सांगतोय म्हटल्यावर वाद कशाला घाला! काकू जीव मुठीत धरून निघाल्या. दारातच सिस्टर आडवी आली.

“काकू, रात्री तुम्हाला उशा किती लागतात हो?”

“दोन. तीन असल्या की बरं वाटतं. का गं?”

“सहजच. जास्तीची द्यायची का, म्हणून.”

काकूंनी बाही घट्ट धरली आणि सटकल्या. जिन्याच्या पायथ्याशी कुणीतरी एक चाकाची खुर्ची ठेवली होती. तिला वळसा घालून त्या चढू लागल्या.

पहिल्या मजल्यावर गुडघे कुरकुरले. दुसऱ्यावर कठडा धरून थांबावं लागलं. तोंडाने श्वास घेत त्यांनी गुडघ्यांना दोन शिव्या हासडल्या. गेल्या वर्षभरात हे गुडघे फारच माजले होते.

मन मात्र खालीच होतं. पट्टा आपल्या हातात आहे. तिकडे त्यांना खरंच काही झालं तर? पडद्यावर आपलेच ठोके दिसत राहणार, हिरवेगार. कुणी धावणार नाही. कुणाला कळणारसुद्धा नाही. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी बायकोनेच घात केला असं व्हायचं!

भीतीने त्यांना घाम फुटला. आग लागो त्या चहाला. त्या उलट्या पावली खाली उतरू लागल्या.

अर्ध्या वाटेवर खालून कर्कश टीं-टीं सुरू झालं. मग धावणारी पावलं. काकूंनी भिंत धरली, पाय उचलले, कशाबशा शेवटच्या वळणापर्यंत आल्या. तिथून वॉर्डच्या दारातून पडदा दिसत होता. नऊ नंबरचा चौकोन लालभडक झाला होता.

डॉक्टर आणि सिस्टर पायऱ्या चढून त्यांच्याकडेच येत होते.

“इकडे नका येऊ!” काकूंना हुंदका आवरेना. “मी खोटं वागले डॉक्टर. पट्टा माझ्या हातात आहे. लाल का झालं मला माहीत नाही, पण त्यांना बघा आधी! नऊ नंबरला बघा!”

“नऊ नंबरलाच बघतोय, काकू,” डॉक्टर म्हणाले. “बोलू नका. सिस्टर, त्या बाजूने धरा.”

दोघांनी त्यांना अलगद खाली आणून चाकाच्या खुर्चीत बसवलं. सिस्टरने नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

तेवढ्यात काका धावत आले. वॉर्डच्या टोकापासून धावूनही त्यांना धाप लागली नव्हती. डोळे मात्र वाहत होते. त्यांनी छातीशी धरलेली फाईल काकूंच्या मांडीवर ठेवली.

“वेळेत सापडलं, असं म्हणतायत डॉक्टर,” ते म्हणाले. “आता हवं तेवढं रागाव.”

फाईलवर जाड पेनाने मोठा नऊ लिहिला होता. त्याखाली पेशंटचं नाव, चष्म्याशिवायही वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत. ते काकूंचं होतं. आणि तळाला सही होती, तीही त्यांचीच.