आईच्या नाकाकडे बघा

“डोळा आहे गं माझा, बेसिनचा पाइप नाही,” हे कुरकुरले. दवाखान्याचं नाव काढलं की ह्यांना हमखास काही काम आठवतं, म्हणून डोळे तपासण्याचं शिक्षण घेणाऱ्या लेकीनं पाइपचाच तुकडा कापून, एका टोकाला मोबाइल आणि दुसऱ्याला भिंग चिकटवून, डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढायचं यंत्र घरीच केलं होतं. उजव्या डोळ्यात थेंब घालून झाले. “आता डाव्यानं आईच्या नाकाकडे बघत राहा. तो स्थिर राहिला की हाही राहतो.” मी खुर्ची ओढून समोर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नाकाला एवढा मान पहिल्यांदाच मिळत होता. लेकीनं यंत्र लावून उजवा डोळा झाकला. फोटो मात्र हललेलेच येत होते. “बाबा, डोळा फिरवू नका ना!” “कुठे फिरवतोय?” फिरत होता. माझ्या कानाशी, मागच्या कपाटाशी, पुन्हा गालाशी, हरवलेली किल्ली शोधावी तसा. गेल्या आठवड्यात हे चालवतात ती शाळेची बस ह्यांच्या हातून डाव्या बाजूनं फाटकाला घासली, तेव्हा आम्ही तिघांनी एकमतानं फाटकालाच नावं ठेवली होती. लेकीनं उजव्या डोळ्यावरचं भिंग न हलवता हळूच विचारलं, “बाबा, आईचं नाक कुठे आहे?” ह्यांनी हात पुढे केला. तो हवेत चाचपडत माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच थांबला. “डाव्यानं काहीच दिसत नाही गं,” हे मला म्हणाले. “बसमध्ये पोरं असतात. उद्या मला पाठवू नकोस.”