भिंतीकडचं ताट

पाण्याची बादली घेऊन सूर्यभान पंगतीच्या टोकाला पोचला आणि त्याची नजर भिंतीकडे गेली. तुषारचं छोटं ताट जागेवर होतं. तांब्या होता. मुगाच्या पातळ वरणात कुस्करलेली बाजरीची भाकरी होती तशीच होती. तुषार नव्हता.

पोरगं पंगतीत होतं. आजोबाच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं. समोर खिरीचा द्रोण. ओठ पांढरे झाले होते.

सूर्यभानच्या बायकोला, जयमालाला जाऊन वर्ष झालं होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, आता तिच्या नावानं जेवण. तिचा बाप भिमाजी सोनईहून घरचा गहू आणि घरचं दूध घेऊन आला होता. पंगत बसेपर्यंत तो चुलीपुढून उठला नव्हता. लेकीला आवडायचे म्हणून खिरीत खोबऱ्याचे काप त्यानं सढळ हातानं टाकले होते.

"मामा, त्याला खीर नका दिऊ," सूर्यभान म्हणाला. "सकाळीच सांगितलं हुतं तुमाला."

"आईच्या नावाची खीर हाय, पाव्हणं. समदी वस्ती खाईल आन् लेकरू बघत बसंल व्हय?"

"त्याला गहू चालत न्हाई. आतडं खराब होतं. आन् आता घशाखालच्या नळीला बी सूज हाय. पुण्याच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलंय. दूधसुदिक बंद केलंय."

"गहू चालत न्हाई!" भिमाजी पंगतीकडे बघून म्हणाला. "आमाला गहू मिळत नव्हता. चालत न्हाई असं कुनी म्हनलं नव्हतं बाबा."

पंगत हसली. भिमाजी हसला नाही. त्यानं भिंतीकडे हात केला.

"आन् ते काय? येगळं ताट, येगळा तांब्या, कडंला भिंतीला! पाटलाच्या लग्नात मी असाच बसलोय, ह्याच्याएवढा असताना. वरनं पानी वतायचे वंजळीत. माझा नातू तसा बसनार न्हाई. जयमालाच्या जेवनात तर न्हाईच न्हाई."

पंगतीतलं हसू थांबलं. सूर्यभाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्याला तुषारचा हात दिसला.

हात छातीवर होता. मान पुढे आली होती. पोरगं चावत नव्हतं, गिळत नव्हतं. हनुवटीवरून लाळेची तार खाली लोंबत होती.

"ठसका लागला गं बाई," शेजारची मुक्ताबाई उठली. "पानी पाजा आधी त्याला."

"पानी न्हाई!" सूर्यभान ओरडला. बादली कलंडली आणि पाणी पत्रावळींखालून वाहत गेलं. भिमाजीनं पोराच्या पाठीत मारायला हात उचलला होता. सूर्यभाननं तो वरच्या वर धरला. सासऱ्याचा हात त्यानं असा कधी धरला नव्हता.

तो तुषारपुढे गुडघ्यावर बसला. "तुषार, माझं नाव सांग."

पोरानं डोळे वर केले. डोळ्यांत पाणी होतं.

"नाव सांग माझं."

"सू... सूर्यभान."

"श्वास मोकळा हाय," सूर्यभान म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. "नळीत अडकलंय. पाठीत मारायचं न्हाई. पुढं वाक, बाळा. थुकी गिळू नको. पडू दे खाली."

"जीप काढू का?" वाढप्या सहादूनं विचारलं. "नगरला न्यायला?"

"काढून ठेव."

मांडवात कुणी घास घेईना. तुषारच्या तोंडातली लाळ मातीत पडत होती. सूर्यभानचा तळवा त्याच्या कपाळाखाली होता. "आता तुझं नाव सांग." पोरानं सांगितलं. "आईचं?" तेही सांगितलं. भिमाजीनं मान फिरवली.

बाहेर जीप सुरू झाली. सूर्यभान पोराला उचलायला वाकला, तोच तुषारच्या पोटाला आचका बसला. खीर आली, चिकट लाळ आली, आणि तिच्यात नखाएवढा खोबऱ्याचा काप.

पोरगं रडलं. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. मुक्ताबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि सहादूनं जाऊन जीप बंद केली.

भिमाजीनं तो काप मातीतून उचलला. बोटांत धरून बघत राहिला.

"येवढ्यानं?"

"येवढ्यानं. आन् जो गहू पोटात गेला, त्याचे जुलाब उद्यापासनं. ते निराळंच." सूर्यभाननं पोराचं तोंड पुसलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ते ताट मी मांडलेलं न्हाई, मामा. तुमच्या लेकीनं मांडलंय. तवा येगळा, पळी येगळी. गिरनीत आदी गहू दळला असला तर दळान डोक्यावर घेऊन तशीच माघारी यायची. मी नुस्तं तिचं चालवतोय."

म्हातारा उठला. रांजणाकडे गेला. साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. पुसले नाहीत, तसेच वाळू दिले.

तुषार पुन्हा भिंतीला जाऊन बसला होता. वरणात बोट फिरवत होता, खात नव्हता. पंगत हळूहळू बोलायला लागली. भिमाजीची पत्रावळ पंगतीत तशीच होती. तो तिच्यावरून पुढे गेला आणि भिंतीला पाठ लावून नातवाशेजारी मातीत बसला.

"मला बी दे तुझ्यातली वाइच," तो म्हणाला. तुषारनं ताट थोडं सरकवलं.

सहादू खिरीची बादली घेऊन त्या बाजूला आला. पळीतून खीर ठिबकत होती.

"आबा, तुमची खीर ऱ्हायली की. वाढू का हितंच?"

भिमाजीनं दोन्ही तळवे पसरून छोटं ताट झाकलं.

"लांबनं जा," तो म्हणाला. "शिवू नगंस ह्या ताटाला."