पहिले चार सेकंद

"चालू झालं का गं?" एवढं बाबा विचारतात, माईक पाण्यात सोडतात, आणि मग समुद्राखालच्या प्रवाळाचा आवाज सुरू होतो, सुक्या पाचोळ्यावरून कुणी हळूहळू चालत यावं तसा. ध्वनिमुद्रण जुनं आहे. तेव्हा बटण माझ्या हातात होतं, मी सहा वर्षांची होते. आता बाबा नाहीत, आणि ते प्रवाळही मरून पांढरं पडलंय.

आम्ही स्वयंसेवक तळाशी प्रवाळाचे नवे तुकडे बांधतो आणि तिथेच स्पीकरवर रोज तो आवाज लावतो. माशांना वाटावं, इथे अजून कुणीतरी राहतंय.

"सुरुवातीचं कापून टाक," आमच्या गटाचा दादा म्हणाला. "माशांना तुझ्या बाबांशी काय घेणंदेणं?"

"चारच सेकंद आहेत रे, दादा."

"बिचकतील ते. महिनाभर बघू. नाही आले तर कापायचं."

महिना भरला तेव्हा तो माझ्यासोबत खाली उतरला. मी बटण दाबलं. निळ्या पाण्यात बाबांनी विचारलं, "चालू झालं का गं?"

आणि चहूबाजूंनी मासे आले.

प्रवाळाचा पाचोळा अजून वाजायचा होता.