मुलगी कोणी द्यायची

अहमदमामू दोन साक्षीदार घेऊन पडद्यापाशी आला आणि खाकरला. निकाहाला मुलीची संमती विचारायची, मुलीने मान खाली घालायची, की झालं. पडद्याआडच्या नवरीने, साजिदाने, मान वर केली.

"मामू, मला देतंय कोण?"

"कोण म्हणजे? खैरुद्दीन काझी. तुझा बाप नाही, बापाकडचं कोणी नाही, मग काझीच तुझ्या बापाच्या जागी."

"बाप आहे. बाहेर खुर्चीवर बसलाय."

मैमुनाबीने लेकीचं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या फुटल्या.

दुबईच्या बर दुबई भागातल्या त्या अंगणात सगळी जमात चटयांवर बसली होती आणि खुर्च्या दोनच होत्या. गोऱ्या साहेबाला लग्नाला बोलवायचं म्हणजे खुर्ची आलीच. त्याचे गुडघे काही आपल्यासारखे मुडपत नाहीत! एका खुर्चीत जहाज कंपनीचा मॅनेजर हॉलिस साहेब, दुसरीत त्याची मडम. नवरामुलगा रफिक त्याच कंपनीत कारकून. साहेब आपल्या निकाहाला आला म्हणून त्याची छाती फुगली होती. 'सहकुटुंब बोलवा, मडमेला आपली लग्नं बघायची हौस असते,' हे साजिदानेच रफिकच्या बहिणीकरवी सुचवलं होतं.

हाच साहेब वीस वर्षांपूर्वी कलमा पढून याकूब झाला होता आणि मैमुनाबीशी त्याने रीतसर निकाह लावला होता. साजिदा चार वर्षांची झाली, विलायतेहून मडम यायचं ठरलं आणि याकूबचा पुन्हा हॉलिस झाला. मैमुनाबीने लोकांना सांगितलं, नवरा खलाशी होता, बुडाला. पंधरा वर्षं तिने त्याला दर्यात बुडवून ठेवला. साजिदाचे भुरे केस बघून गल्लीतल्या पोरी तिला 'मडम' म्हणून चिडवत. आणि तापाने फणफणलेली असताना गोऱ्यांच्या दवाखान्यातून मात्र तिला 'ही आपल्यातली नव्हे' म्हणून हाकललं, तेव्हा साहेब पायरीवरच उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मग घड्याळात पाहिलं. ते ती आजतागायत विसरली नव्हती.

"गप गो बाय," मैमुनाबी रडकुंडीला आली. "रफिकची नोकरी जाईल. लग्न मोडेल."

"मोडू दे, मा. मेलेल्या बापाची पोर म्हणून मी निकाह लावणार नाही."

अहमदमामूने ही गोष्ट तिथल्या तिथे गिळली असती. पण साक्षीदारांत रफिकचा चुलता होता, आणि साजिदाने ओढणीखालून कागद काढून त्याच्याच हातात दिला. आईच्या पेटीतून उचललेला तो मैमुनाबीचा निकाहनामा होता. चुलता तडक काझीकडे गेला.

काझीने चष्मा चढवून कागद दोनदा वाचला. कोकणी माणसं शाफई पंथाची. त्यांच्यात बाप हयात असेल तर मुलगी त्यानेच द्यायची, जावयाचा हात हातात घेऊन, स्वतःच्या तोंडाने. बाप समोर बसलेला असताना काझीने त्याच्या जागी बसलेलं चालत नाही. आणि कलमा सोडल्याचं साहेबाने कधी कोणापुढे म्हटलं नव्हतं, काझीच्या लेखी तो अजून याकूबच होता.

"ही सही कोणाची?" काझीने विचारलं.

रफिक वाकला. ती सही तो रोज शंभर कागदांवर बघत होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. पडद्याआडून साजिदा बघत होती. आता हा उठून गेला तर सगळं खलास, आणि दोष तिचा एकटीचा. तरीही दिलेला कागद परत घ्यावा असं तिला वाटलं नाही.

रफिक उठला. त्याने तोंडावरचा सेहरा बाजूला केला, साहेबाच्या खुर्चीसमोर जाऊन चटईवर मांडी घातली आणि उजवा हात पुढे केला.

"यल्ला, चला साहेब," तो म्हणाला. "हात द्या."

साहेबाची मान कानापर्यंत लाल झाली.

"हा मुलगा काय मागतोय, जॉर्ज?" मडमेने विचारलं.

"काही नाही. यांची कसली तरी रीत आहे. चल, निघू या." साहेब उठला.

साजिदा पडदा सारून बाहेर आली. नवरी अशी बाहेर येत नसते. बायकांनी तोंडाला पदर लावले. कापडाच्या पेढीवर ती इंग्रजी पत्रं टाइप करायची, ती भाषा तिला चांगली येत होती. बापाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती मडमेशी बोलली, अगदी गोड आवाजात, आणि बोलताना तिला इतकं बरं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"रीत सोपी आहे, मॅडम. बापाने मुलगी द्यायची. तुमच्या चर्चमध्येही असंच असतं ना?"

मडमेने तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"खाली बस, जॉर्ज," ती म्हणाली.