नाव नसलेली चौकट

"हे अक्षर आहे की मुंग्यांची वरात?" पहिल्याच चौकटीसमोर सुलेखनाच्या उस्तादांनी विचारलं.

संग्रहालयाचे चिटणीस कसनुसे हसले. जन्मभर औषधांचं दुकान चालवलेला माणूस. त्यांना या अरबी लिपीतलं एवढंच कळत होतं की ती उजवीकडून डावीकडे जाते. उस्तादांची मुलगी हसली नाही. ती इथे देखभालीला होती आणि असली बोलणी तिने घरी पोटभर ऐकली होती.

जमातीने हे संग्रहालय बंद पडलेल्या डोळ्यांच्या दवाखान्यात थाटलं होतं. दोन खोल्या, सहा काचेची कपाटं. नऊ वर्षांत उस्ताद इकडे फिरकले नव्हते. आज आले, कारण मधल्या भिंतीवर कुठला लेख टांगायचा ते त्यांनीच ठरवावं असा चिटणिसांनी आग्रह धरला होता. एका दमात सगळ्यांना नावं ठेवायची संधी त्यांना सोडवेना.

ताऱ्यांची उंची मोजायचं पितळी यंत्र पाहून ते म्हणाले, नळ दुरुस्त करणारा विसरून गेलाय वाटतं. निळ्या फरशांवरच्या नक्षीत त्यांना कुणाची तरी न्हाणीघराची हौस दिसली. गालिच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही, कारण तो त्यांच्या धाकट्या भावाने दिलेला होता. अक्षरांपाशी मात्र ते थांबत. भिंग लावून एकेक वळण बघत, त्यात लेखणीच्या टोकाएवढे किती ठिपके बसतात ते मोजत, आणि मग निकाल देत. हे लठ्ठ. हे पांगळं. हे झोपेत लिहिलेलं. इथे पूर्वी डोळे तपासायचा तक्ता असायचा, त्यावरची अक्षरं यापेक्षा बरी होती, असंही सांगून झालं.

गल्लीत त्यांना पाठीमागे 'नापास उस्ताद' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या घराण्यात रीत होती: शिष्याने कितीही सुंदर लिहिलं तरी खाली स्वतःचं नाव घालायचं नाही. उस्तादाने आपल्या हाताने 'या अक्षरात दोष नाही' असं लिहून दिलं, की मगच घालायचं. उस्तादांना हे त्यांच्या उस्तादांनी लिहून दिलं होतं, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. या उस्तादांनी मात्र चाळीस वर्षांत कुणालाच दिलं नाही. शिष्य कंटाळून पळाले. काहींनी परवानगीवाचूनच नावं घातली, आणि आज भिंतीवर बहुतेक त्यांच्याच चौकटी होत्या.

मुलगी बावीस वर्षं त्यांना आपले लेख दाखवत राहिली. शेवटच्या लेखाला त्यांनी बोरू पुसला. त्यानंतर तिने दाखवणं सोडलं आणि इथली नोकरी धरली. आता उस्ताद एक्क्याऐंशीचे झाले होते. त्यांच्यामागे परवानगी देणारं कुणीच उरणार नव्हतं. शेहेचाळीसाव्या वर्षीही ती स्वतःच्या एका ओळीखाली नाव घालू शकत नव्हती. चोरून घालणं तिला जमलं नसतं. हट्टात ती बापावरच गेली होती.

शेवटच्या कोपऱ्यात, खिडकीच्या आडोशाला, एका ओळीची दुआ लावलेली होती. चहाच्या पाण्यात रंगवलेला कागद, काळी शाई. खाली नाव नाही. पाटीवर 'लेखक अज्ञात'.

उस्तादांनी भिंग लावलं. मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

हे कुणी अडगळीत टांगलं, असं त्यांनी दबल्या आवाजात विचारलं. हा त्यांच्या उस्तादांचा हात आहे, ते कित्त्याखाली कधी नाव घालत नसत, आणि हे न ओळखणाऱ्याने पुन्हा औषधंच विकावीत, असं त्यांनी सुनावलं. मुलगी पुढे होऊन काही सांगायला लागली. कळत नसेल तिथे मध्ये बोलू नये, म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा नुसता हात वर केला.

चिटणिसांनी संधी साधून कोरं कार्ड पुढे केलं. पाटीवर लावायला दोन शब्द हवे होते. उस्तादांनी खिशातून स्वतःचा बोरू आणि शाईची कुपी काढली. त्यांच्या घराण्यात स्तुतीचं एकच वाक्य होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते कुणासाठी तरी लिहिलं: 'या अक्षरात दोष नाही.' खाली नाव आणि तारीख घातली.

"अब्बा," मुलगी म्हणाली, "ते माझं आहे. नऊ वर्षं रोज दुपारी इथे बसून तुमच्या उस्तादांचे कित्ते गिरवतेय."

तिला वाटलं, अब्बा आता कार्ड फाडणार. पण तिने नजर खाली केली नाही.

उस्ताद पुन्हा चौकटीकडे वळले. भिंग उजवीकडून डावीकडे गेलं, परत उजवीकडे आलं. एकेका वळणापाशी अडलं. एखादा दोष सापडावा म्हणून ते जिवाचं रान करत होते, हे चिटणिसांनाही कळत होतं. त्यांना त्या म्हाताऱ्याची दया आली. त्यांनी हळूच विचारलं, दुसरं कार्ड आणू का.

"कशाला?" उस्ताद खेकसले. "अक्षर बदललंय का?"

मग त्यांनी चौकट भिंतीवरून उतरवायला लावली. काच बाजूला झाली. त्यांनी आपला बोरू शाईत बुडवला आणि मुलीपुढे धरला. तिने तो घेतला, पण तिची बोटं थरथरायला लागली.

"हात कापतोय तुझा," तिच्याकडे न बघता ते म्हणाले. "आधी थांबू दे. एवढ्या चांगल्या अक्षराखाली नाव वाकडं आलेलं मला चालणार नाही."