अकरा घरांचा नकार

फोन चपलांच्या कपाटात कोंडून, वर एक जुनी चादर टाकून ट्रंककाकांनी कपाटाचं दार लावलं. मगच बायकोशी बोलायला तोंड उघडलं.

"शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे. अकरा घरांपैकी निदान सहा घरांनी नकार लिहून द्यायला हवा. नाहीतर समोरच्या खांबावर सरकारी कॅमेरा. बरोब्बर आपल्या गॅलरीसमोर!"

"एवढं सांगायला फोनला कशाला कोंडलंत?" काकूंनी विचारलं.

"अगं, परवा त्याच्यासमोर गुडघा दुखतो म्हणालो, तर संध्याकाळपर्यंत गुडघ्याच्या पट्ट्यांच्या सात जाहिराती! तू तरी एकदा विचारलंस का, दुखतो का म्हणून?"

"विचारायला कशाला हवं? दिवसभर तुम्हीच सांगत असता."

काकांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे परगावचे ट्रंककॉल जोडून दिले होते, त्यावरून हे नाव पडलं. "जोडून दिला की कान बंद," हे ते छाती फुगवून सांगत. त्यामुळे गल्लोगल्ली फुकट कॅमेरे आणि चित्रं थेट सरकारी ऑफिसात, ही योजना ऐकून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत त्यांचा मुक्काम गॅलरीत. खुर्ची, पेपर आणि रेडिओ, बस्स. आता मी पाठ खाजवली तरी कुणीतरी खुर्चीत बसून बघणार? छे! कॅमेरा आला तर गॅलरीला फळ्या ठोकीन आणि घरात बसून राहीन, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. ते खरंच ठोकतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या विचाराने काकांची झोप उडे. काकूंची त्याहून जास्त.

प्रत्येक घराने अर्जावर होकार किंवा नकार लिहायचा, कारण लिहायचं आणि पाकीट बंद करायचं. ती गोळा करायचं काम काकांनी अंगावर घेतलं.

सुरुवात दातांच्या डॉक्टरांपासून केली.

"मला तर कॅमेरा हवाय, काका," डॉक्टर म्हणाले. "गाडीला कुणीतरी हा एवढा ओरखडा पाडून गेलंय."

"तो होय! मंगळवारी, पावणेदहाला. गॅसवाल्याचा टेम्पो मागे येताना घासला. मी ओरडलो वरून, पण त्याला कुठलं ऐकू जायला! ते राहू द्या. प्रश्न ओरखड्याचा नाही डॉक्टर, प्रश्न स्वातंत्र्याचा आहे!" आणि काका पुढे पंधरा मिनिटं बोलले.

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती ओठ दाबून उभी होती.

"पटलं, काका," डॉक्टर म्हणाले. "द्या तो अर्ज."

शिवणवाल्या बाईंची तक्रार वेगळी. त्यांची पार्सलं दारातून नाहीशी होत.

"कालचं माझ्याकडे आहे," काका म्हणाले. "तुम्ही चार-दहाला बाहेर पडलात, पार्सलवाला चार-वीसला आला. म्हटलं, पडून कशाला राहायला हवं?" मग फोन, जाहिराती आणि माणसाची अब्रू यावर त्यांनी बाईंना असं काही ऐकवलं की मशीन चालवणारा बाईंचा पाय थांबला. त्यांनी तिथल्या तिथे अर्ज भरला. भरताना खुदकन हसल्याही. चांगल्या विचाराने माणूस कसा खुलतो बघा, असं काकांना वाटलं.

खरा नमुना होता ड्रायव्हिंग स्कूलवाला. सरकारचा कट्टर माणूस.

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" तो म्हणाला.

"मग न्हाणीघराचं दार कशाला लावता?" काकांनी तिथल्या तिथे परतवलं. "आणि आज तुमचे बघतील, उद्या दुसरे निवडून येतील, ते बघतील. तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका!"

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने अर्ज घेतला आणि दार लावलं. काका त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःच बंद पाकीट घेऊन दारात हजर.

"काय हो, नकार?"

"नकार. बायको म्हणाली, काका गॅलरीत बसायचे बंद झाले तर गल्लीचं कसं व्हायचं?"

काका विरघळले. आपण नुसते वाद घालतो आणि लोक आपल्याला एवढा जीव लावतात! त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं, चहा पाजला, आणि सरकारबद्दल दोन बरे शब्दसुद्धा बोलले.

शुक्रवारी अकरावं पाकीट काकूंनी स्वतः बंद करून दिलं.

"काय लिहिलंस गं?"

"दुसऱ्याचं उघडून बघायचं नसतं ना?"

"शाबास!" काका खूश झाले.

ऑफिसातली कारकून मुलगी चष्मा सावरून एकेक पाकीट फोडू लागली. पहिलं वाचून तिच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्याला तिने तोंडावर रुमाल धरला. काका बोटांवर पाकिटं मोजत होते. सहा तरी होऊ देत, एवढंच ते मनात म्हणत होते.

"अकराच्या अकरा नकार," ती म्हणाली. "तुमच्या गल्लीतला कॅमेरा रद्द."

काकांनी टेबलावर थाप मारली. शेजारच्या टेबलावरची माणसंही मान वर करून बघू लागली. गॅलरी वाचली होती, खुर्ची वाचली होती, आणि एकतीस वर्षं जपलेलं तत्त्व अख्ख्या गल्लीला पटलं होतं!

"कारण काय लिहिलंय? मोठ्याने वाचा. ऐकू दे सगळ्या ऑफिसला!"

"शब्द जरा इकडेतिकडे आहेत, पण कारण सगळ्यांचं एकच आहे. वाचू?"

"अहो, वाचा!"

मुलीने घसा साफ केला.

"'ट्रंककाका असताना कॅमेरा हवाय कशाला?'"